लपलेल्या आया : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धात युरोपात नाझींपासून लपून जगलेल्या ज्यू स्त्रियांवर लेख होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न आईपणाशी येऊन थांबतात. मूल बरोबर असताना लपायचं कसं, त्याला खायला काय घालायचं, ते रडलं तर काय करायचं, आणि युद्ध संपल्यावर पुढे काय? सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : अ‍ॅन फ्रँकच्या डायरीमुळे एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. आईवडील, मुली, सगळे एका घरात लपलेले. बहुतेक ज्यू कुटुंबं अशीच लपली होती का? (एक शिक्षिका)

उत्तर : नाही. फ्रँक कुटुंबाची व्यवस्था अपवादात्मक होती. अ‍ॅमस्टरडॅममध्ये प्रिन्सेनग्राख्त २६३ या इमारतीत ओट्टो फ्रँक यांचाच व्यवसाय चालत होता. मागच्या भागात आधीपासून सामान हलवून ठेवता आलं. मीप खीस, बेप फोस्काउल, योहानेस क्लेमान आणि व्हिक्टर कूगलर हे चार कर्मचारी जीव धोक्यात घालायला तयार होते. जागा, पैसा आणि विश्वासाची माणसं या तिन्ही गोष्टी एकाच घरात असणं फार दुर्मीळ. तरीही ४ ऑगस्ट १९४४ ला धाड पडलीच. अ‍ॅनची आई एडिथ ६ जानेवारी १९४५ ला आउशवित्झ छावणीत मरण पावली.

नेदरलँड्समध्ये सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यांतल्या सुमारे १,०७,००० जणांना छावण्यांत हद्दपार केलं गेलं आणि जेमतेम ५,००० परतले. लपलेल्यांची संख्या २५,००० ते ३०,००० धरली जाते. त्यांपैकी सुमारे १६,००० वाचले. या लपलेल्यांत कुटुंबं बहुतेक वेळा फुटलेली असायची. आई एका गावात, वडील दुसऱ्या, मुलं तिसऱ्या आणि चौथ्या घरात.

यामागचा हिशेब सरळ होता. आसरा देणाऱ्याला एक माणूस ‘बॉम्बहल्ल्यात घर गेलेली लांबची बहीण’ किंवा ‘कामाला ठेवलेली मुलगी’ म्हणून खपवता येतं. चार माणसं एकदम आली की शेजारी विचारतात. पाच-सहा वर्षांची मुलगी शेतकऱ्याच्या घरात भाची म्हणून उघडपणे वावरू शकते, शाळेतही जाऊ शकते. तिची आई मात्र त्याच घरात आली तर दोघींच्या चेहऱ्यातलं साम्य, मुलीची आईकडे जाणारी नजर आणि तोंडातून निसटलेली एक हाक सगळ्यांना गोत्यात आणू शकते. शिवाय एक पकडला गेला तर सगळे पकडले जाऊ नयेत, हा विचारही होताच.

म्हणून आईला मूल दुसऱ्याच्या हाती द्यावं लागे, आणि बहुतेकदा ते कुठे जाणार हे तिला सांगितलं जात नसे. जे माहीत नाही ते चौकशीत मार खाऊनही सांगता येत नाही, यासाठी ही खबरदारी होती. निघण्यापूर्वीची तयारी आईच करायची. कपड्यांवर शिवलेली नावं आणि आद्याक्षरं उसवायची, फोटो आणि पत्रं काढून घ्यायची, मुलाकडून नवं नाव दिवसभर घोकून घ्यायचं, आणि झोपेतून उठवून ‘तुझं नाव काय?’ असं विचारून पाहायचं. तीन वर्षांखालच्या मुलाला खोटं नाव शिकवणं कठीण नव्हतं, पण ते मूल काही महिन्यांत खरं नाव आणि आईही विसरायचं. सहा-सात वर्षांच्या मुलाला सगळं आठवायचं, आणि ते मनात दाबून ठेवायचं ओझंही त्याच्यावरच असायचं.

अ‍ॅमस्टरडॅममधला एक प्रसंग इथे सांगायला हवा. हद्दपारीआधी ज्यूंना ‘हॉलंडशे स्खाउबुर्ख’ या नाट्यगृहात डांबत, आणि लहान मुलांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवत. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, नाट्यगृहातल्या कारभारावर नेमलेले वॉल्टर झ्यूसकिंड आणि शेजारच्या अध्यापक विद्यालयाचे योहान फान हुल्स्ट यांनी मिळून तिथून सुमारे ६०० मुलं बाहेर काढली. झ्यूसकिंड नोंदवहीतून मुलाचं नाव गाळत. दारासमोर ट्राम थांबली की पलीकडच्या पहारेकऱ्याला पाळणाघर दिसेनासं होई. त्या क्षणी मूल घेतलेली मदतनीस ट्राममध्ये चढे. पण हे सगळं आईवडिलांच्या होकाराशिवाय होत नसे. आईला काही तासांत ठरवावं लागे. तान्हं मूल मागे ठेवणाऱ्या काही आया गाडीकडे जाताना दुपट्यात बाहुली गुंडाळून छातीशी धरून गेल्या, म्हणजे मोजणीत एक बाळ कमी भरू नये. पिमेंटेल आणि झ्यूसकिंड दोघंही युद्धातून वाचले नाहीत.

प्रश्न : मी परिचारिका होते. लेखात ‘अनेक महिने लपून काढले’ असं एका ओळीत लिहिलं आहे. पण शौच, पाळी, आजारपण, तान्ह्या मुलाचं दूध यांचं काय? मूल रडलं तर?

उत्तर : तुमचा प्रश्न अगदी मुळाशी जातो. लपायची जागा मिळणं ही सुरुवात असते. त्यानंतर रोज काय काय सांभाळावं लागे ते पाहू.

सगळ्यात आधी आवाज. घराच्या खालच्या मजल्यावर किंवा शेजारी कोणी असेल तर दिवसभर मोजे घालून चालायचं, फळीची कुठली पट्टी करकरते ते लक्षात ठेवून ती टाळायची, नळ सोडायचा नाही. संडासाची साखळी ओढली की पाण्याचा आवाज भिंतीतल्या पाइपातून सगळ्या इमारतीत जातो. ‘घरात कोणी नाही’ असं शेजाऱ्यांना माहीत असलेल्या वेळी तो आवाज आला तर संपलंच. म्हणून बादली किंवा झाकणाचं भांडं वापरून रात्री रिकामं करत. खोकला ही मोठीच भीती. खोकल्याची उबळ आली की उशीत तोंड खुपसणं एवढाच उपाय होता.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजता येण्यासारख्या खुणा. नोंदणीत तीन माणसं असलेल्या घरात सात माणसांचे बटाटे आले तर दुकानदाराच्या लक्षात येतं, म्हणून खरेदी तीन-चार दुकानांत वाटून करायची. वाळत घातलेल्या कपड्यांत बाळाचा लंगोट दिसता कामा नये. वीज आणि गॅसचा कोटा ठरलेला. तो ओलांडला की चौकशी. धाड पडली तर जेवणाच्या टेबलावर किती ताटल्या आहेत आणि किती अंथरुणं गरम आहेत, हेही पोलीस पाहत. हार्लेममध्ये ज्यूंना लपवणाऱ्या टेन बूम कुटुंबाने यासाठी घंटा बसवून सराव केला होता. घंटा वाजली की आपली ताटली, राखेची वाटी, कपडे उचलायचे, गादी उलटी करून थंड बाजू वर करायची आणि कपाटातल्या खालच्या फळीतून खोट्या भिंतीमागे शिरायचं. ती भिंत विटांची बांधली होती, कारण लाकडी भिंत ठोकली की पोकळ वाजते. २८ फेब्रुवारी १९४४ ला धाड पडली तेव्हा सहा माणसं जवळजवळ दोन दिवस त्या फटीत उभी-बसून राहिली आणि सापडली नाहीत. टेन बूम कुटुंबाला मात्र अटक झाली. वृद्ध वडील काही दिवसांतच कैदेत असताना वारले, आणि मुलगी बेट्सी राव्हेन्सब्रुक छावणीत.

पाळीबद्दल. अर्धपोटी राहिल्यामुळे आणि सततच्या ताणामुळे अनेक स्त्रियांची पाळी महिनोन्‌महिने बंद झाली. ज्यांची सुरू होती त्यांना जुन्या कापडाच्या घड्या रात्री थोड्या पाण्यात धुवून आतच वाळवाव्या लागत. त्यांचा दमट वास हीसुद्धा एक खूणच. तान्ह्या मुलाच्या आईचं दूध उपासमारीने आटायचं आणि बाहेरचं दूध रेशनवर. मूल कागदोपत्री नाही म्हणजे त्याच्या वाट्याचं दूधही नाही. शेतावर लपलेली आई या बाबतीत शहरातल्या आईपेक्षा बऱ्या स्थितीत असे. १९४४-४५ च्या डच ‘भूक-हिवाळ्यात’ तर पश्चिमेकडच्या शहरांत कार्डधारकाचं अधिकृत रेशनसुद्धा फेब्रुवारी अखेरीस दिवसाला ५८० कॅलरींवर आलं होतं. लोक ट्यूलिपचे कंद आणि साखरेचं बीट खात होते. कार्ड नसलेल्याला हेही दुसऱ्याच्या ताटातून मिळायचं.

डॉक्टर क्वचित मिळायचा, आणि त्याला बोलावणं म्हणजे गुपितात आणखी एक माणूस घेणं. दातदुखी, खरूज, उवा, गळवं हे रोजचंच. भूल देऊन करायच्या शस्त्रक्रियेला खोट्या नावाने राहणाऱ्या स्त्रिया विशेष घाबरत, कारण गुंगीत तोंडून काय निघेल याचा भरवसा नसे.

मूल रडण्याबद्दल बऱ्याच जणांनी दबकत विचारलं आहे. लहान मुलांना गुंगीचं औषध, बहुधा ल्युमिनल, देऊन शांत ठेवलं जाई. प्रमाण अंदाजाने ठरायचं. कमी पडलं तर मूल ऐन धाडीत जागं व्हायचं, आणि उपाशी अंगाला जास्त झालं तर श्वास मंदावायचा. आणि हो, भूमिगत खंदकांत वर शोध चालू असताना रडणाऱ्या बाळाचं तोंड दाबून धरलं गेलं आणि बाळ गेलं, असं एकाहून अधिक ठिकाणी घडलं आहे. त्याच कारणाने अनेक गट बाळ असलेल्या आईला आत घेतच नसत. अशा वेळी कुणाला दोष द्यायचा हे आज ठरवायला बसू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. ती परिस्थिती निर्माण करणारे वर, रस्त्यावर, बंदुका घेऊन फिरत होते.

प्रश्न : एक आई आपल्या कुटुंबाला घेऊन वर्षभर गुहेत राहिली असं वाचलं. हे शक्य आहे का? अंधारात माणसं इतके दिवस जगतील कशी?

उत्तर : शक्य झालं, आणि त्याची नीट नोंद आहे. त्या आईचं नाव एस्थर स्टेर्मर. गाव कोरोलुव्का, आजच्या पश्चिम युक्रेनमध्ये, युद्धापूर्वी पोलंडमध्ये. १९४२ च्या शरद ऋतूत आसपासच्या ज्यूंना गोळा करून मारलं जात असताना एस्थर यांनी ठरवलं की आपलं कुटुंब गोळा व्हायला जाणार नाही. त्या आणि आणखी काही कुटुंबं आधी वेर्तेबा या गुहेत गेली.

वेर्तेबा चुकीची जागा निघाली, आणि का, ते समजून घेण्यासारखं आहे. ही गुहा परिसरात सगळ्यांना माहीत होती. आत पाण्याचा साठा नव्हता, भिंतींवरून ठिबकणारे थेंब भांड्यात जमवावे लागत. हवा खेळत नसल्याने चूल पेटवली की धूर आतच कोंडायचा. आणि बाहेर पडायची वाट एकच. शेवटच्या दोषावर त्यांनी उपाय केला, दुसरी वाट खोदून काढली. १९४३ च्या सुरुवातीला जर्मन आत शिरले तेव्हा एस्थर यांनी त्यांच्याशी बोलत राहून त्यांना थोपवलं आणि बाकीचे काळोखात मागे सरकले. काही जण पकडले गेले, पण बहुतेक निसटले.

मग मे १९४३ मध्ये थोरला मुलगा निस्सेल याने शोधलेल्या दुसऱ्या गुहेत ३८ जण उतरले. ही पोपोवा यामा, म्हणजे ‘पाद्र्याची गुहा’. शेतातल्या एका खड्ड्याच्या तळाशी अरुंद भोक होतं आणि त्यातून पोटावर सरपटत आत जायचं. आत जिप्समच्या खडकात शंभराहून अधिक किलोमीटर लांबीचं बोगद्यांचं जाळं आहे, पण तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. या गुहेत पाण्याचं तळं होतं आणि हवाही खेळती होती. पहिल्या गुहेने जे शिकवलं होतं ते इथे कामी आलं.

कामं वाटून घेतली होती. तरुण पुरुष रात्री बाहेर पडून लाकूड तोडून आणत, धान्य आणि बटाटे मिळवत, रॉकेल आणत. बाहेर पडणं हाच सगळ्यात धोक्याचा भाग होता, म्हणून एका फेरीत शक्य तितकं आणून साठवायचं. धान्य दळण्यासाठी जातं आत नेलं होतं. खडकात झोपायचे ओटे आणि चालायच्या पायऱ्या कोरल्या होत्या. दिवा स्वयंपाकापुरता आणि महत्त्वाच्या कामापुरता, बाकी काळोख. आतलं तापमान बारा महिने १० अंश सेल्सियसच्या आसपास आणि हवा दमट, त्यामुळे कपडे कधी पुरते वाळत नसत, कुजत. ऊर्जा वाचवण्यासाठी माणसं कधी कधी दिवसाचे २० तासही झोपून काढत. गावातल्या काही लोकांनी एकदा तोंडाशी माती लोटून वाट बुजवली. आतल्यांनी दुसरीकडून खणून वाट काढली.

बायका आणि मुलं बाहेर आलीच नाहीत, सलग ३४४ दिवस. एप्रिल १९४४ मध्ये ओळखीच्या एका शेतकऱ्याने ‘जर्मन गेले’ अशी चिठ्ठी बाटलीत घालून खड्ड्यात टाकली. तरीही ते काही दिवस थांबले आणि १२ एप्रिलला वर आले. अंगावर पिवळ्या चिखलाचा थर. चार वर्षांच्या एका मुलीने आईला सांगितलं की तो फार झगमगणारा दिवा विझव. आयुष्यातलं जवळजवळ वर्ष तिने सलग काळोखात काढलं होतं, आणि सूर्य तिला आठवत नव्हता.

एस्थर यांच्या घरातली माणसं वाचली त्यामागे धैर्याबरोबर इतरही कारणं होती : एकत्र असलेला मोठा गट, कष्ट करू शकणारी वाढलेली मुलं, परिसराची माहिती, आणि शहराऐवजी गाव. लहान मुलांसह एकट्या स्त्रीला हे जमलं असतं असं वाटत नाही.

याच सुमारास ल्विव्ह शहरात पाउलिना हिगर ही आई नवरा इग्नात्सी, सात वर्षांची क्रिस्टिना आणि लहानगा पावेल यांच्यासह गटारात उतरली होती. जून १९४३ पासून जवळजवळ १४ महिने. लेओपोल्ड सोखा हा गटारकामगार आणि त्याचे सोबती त्यांना अन्न पोहोचवत. पावसाळ्यात पाणी चढायचं, उंदीर पाव पळवायचे. गटातल्या एका स्त्रीची प्रसूती तिथेच झाली. ते बाळ जगलं नाही. काही महिन्यांनी क्रिस्टिनाने बोलणं आणि खाणं कमी केलं, तेव्हा सोखा तिला रांगत एका जाळीखाली घेऊन गेला, वरून येणारा उजेड दिसावा म्हणून. आजीने विणलेला तिचा हिरवा स्वेटर आज वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात आहे.

प्रश्न : आम्ही या विषयावर नाटक बसवत आहोत. खोटी कागदपत्रं घेऊन उघडपणे शहरात राहणाऱ्या स्त्रीला नेमकं काय काय जमावं लागे?

उत्तर : वॉर्सॉ धरून सांगतो, कारण तिथल्या नोंदी भरपूर आहेत. इतिहासकार गुन्नार पॉलसन यांच्या अभ्यासानुसार घेटोबाहेर, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीबाहेर, सुमारे २८,००० ज्यू लपून राहिले आणि त्यांतले सुमारे ११,५०० वाचले.

कागद एक नसायचा, त्यांची साखळी असायची. मुळाशी चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला, शक्यतो खऱ्या मृत व्यक्तीचा, म्हणजे नोंदवहीशी ताडून पाहिलं तरी जुळेल. त्यावरून ‘केनकार्टे’ हे ओळखपत्र, फोटो आणि बोटांच्या ठशांसह. मग राहत्या पत्त्याची नोंद. आणि शेवटी नोकरीचं कार्ड, कारण ते नसेल तर रस्त्यावरच्या धरपकडीत सक्तमजुरीसाठी उचलून नेत. साखळीतला एक दुवा कच्चा असेल तर बाकीचे कागद उपयोगाचे नाहीत. वयाचं पाहा : दाखल्यावरची बाई ४५ ची आणि समोरची २८ ची, असं चालत नाही.

नेदरलँड्सचं ओळखपत्र याहून अवघड होतं. याकोब लेंट्स या सरकारी अधिकाऱ्याने ते बनवताना जलचिन्हाचा कागद, अतिनील दिव्याखाली ओळखू येणारी शाई, फोटोमागे दुसरा अंगुलिठसा आणि केंद्रीय कार्यालयात प्रत अशी व्यवस्था केली होती. नक्कल करणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास दिला तो या कार्डाने. बर्लिनमध्ये उलट एक फट होती. बॉम्बहल्ल्यानंतर ‘घर जळालं, कागद जळाले’ असं सांगून पर्यायी कागद मागता येत. ज्या बॉम्बहल्ल्यात लपलेल्यांना तळघरात आसराही घेता येत नसे, त्याच हल्ल्यांनी काहींना नवं नाव दिलं.

आता वागणं. बाईला ‘पिता आमच्या’ आणि ‘नमो मरिये’ या प्रार्थना पोलिश भाषेत न अडखळता म्हणता यायला हव्यात. चर्चमध्ये पवित्र पाण्यात बोट बुडवणं, कधी गुडघे टेकायचे, ख्रिस्तप्रसाद घ्यायला कसं जायचं. कॅथलिक पोलंडमध्ये वाढदिवसापेक्षा नामदिन, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, मोठा, त्यामुळे ‘तुझा नामदिन कधी?’ या प्रश्नावर क्षणभर थांबणंही महागात पडे. बोलण्यात यिद्दिश, म्हणजे ज्यूंच्या भाषेचा, हेल नको. केस पिवळे करायला पेरॉक्साइड, पण मुळं काळी दिसू लागली की तीच चुगली करतात. काही स्त्रिया विधवेचा काळा पोशाख आणि जाळी घालत, म्हणजे चेहरा झाकला जाई आणि डोळ्यांतल्या दुःखाला कारणही मिळे. ‘दुःखी डोळे’ ही ज्यूंची ओळख मानली जाई.

स्त्रियांना पुरुषांपेक्षा एक गोष्ट अनुकूल होती. ज्यू मुलांची सुंता होते, तिथल्या ख्रिश्चनांची होत नसे. पुरुषाची सुंता तपासली की खेळ संपला. त्यामुळे लहान मुलगा बरोबर असलेल्या आईचा धोका मुलगी असलेल्या आईपेक्षा मोठा असे. मुलाला इतरांसमोर कपडे काढायचे नाहीत, अंघोळ करायची नाही, नदीवर जायचं नाही हे शिकवावं लागे. अनेक आया स्वतःच्या मुलाची ‘मावशी’ म्हणून किंवा त्याच घरातली मोलकरीण म्हणून राहिल्या. नाटकात दाखवायचं असेल तर हे दाखवा : मूल पडलं, रडलं, आणि आई उठून गेली नाही.

रस्त्यावर खंडणीखोर असत. ज्यू वाटणाऱ्या माणसाचा पाठलाग करून ‘पैसे दे नाहीतर पोलिसांत देतो’ म्हणणारे. पैसे दिले तरी ते घर ‘जळलेलं’ समजायचं आणि त्याच दिवशी सोडायचं. म्हणून पर्यायी पत्ता हाताशी नसेल तर पैसे असूनही उपयोग नसे. खंडणीखोरांच्या टोळ्या एकच जागा पुनःपुन्हा लुटत.

प्रश्न : लपवणारे पैसे घेत होते असंही वाचलं. मग त्यांना ‘उपकारकर्ते’ म्हणायचं का?

उत्तर : पोलंडमध्ये जर्मनव्याप्त भागाचा नाझी गव्हर्नर हान्स फ्रँक याच्या १५ ऑक्टोबर १९४१ च्या वटहुकुमाने ज्यूंना आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता. २४ मार्च १९४४ ला मार्कोवा गावात युझेफ आणि विक्टोरिया उल्मा, त्यांची सहा मुलं आणि त्यांनी लपवलेले आठ ज्यू यांना गोळ्या घातल्या गेल्या. विक्टोरिया गरोदर होत्या. लपलेल्या आठ जणांत एक आई आणि तिची लहान मुलगीही होती. वॉर्सॉत पोलिश-ज्यू इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लुम, पत्नी, मुलगा आणि आणखी तीसेक जण एका बागेतल्या काचघराखालच्या तळघरात होते. ७ मार्च १९४४ ला ती जागा उघड झाली. लपलेले आणि त्यांना लपवणारा माळी, सगळे मारले गेले.

हा धोका पाहता अन्नाचे आणि भाड्याचे पैसे घेणं आणि धंदा करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गरीब शेतकऱ्याला पाच जादा तोंडं स्वतःच्या कमाईत पोसता येत नसत. म्हणून ‘झेगोटा’ ही पोलिश भूमिगत परिषद, डिसेंबर १९४२ पासून, लपलेल्यांना दरमहा मदत पोहोचवत असे, साधारण माणशी ५०० झ्लॉटी. काळ्या बाजारात ती अपुरीच, पण घरमालकाने हाकलून देऊ नये इतपत. सोखा सुरुवातीला हिगर कुटुंबाकडून पैसे घेत होता. त्यांचे पैसे संपल्यावरही त्याने अन्न आणणं थांबवलं नाही. दुसऱ्या टोकाला, पैसे संपताच बाहेर काढणारे आणि पोलिसांच्या हवाली करणारेही होते. नेदरलँड्समध्ये हेनाइके टोळीने १९४३ मध्ये माणशी साडेसात गिल्डर बक्षिसासाठी ८,००० हून अधिक ज्यू पकडून दिले. जेरुसलेमची याद वाशेम संस्था ज्यूंना वाचवणाऱ्यांना सन्मान देताना निकष असा लावते की मदत पैशाच्या अटीवर केलेली नसावी. खर्च घेतला तर ती अपात्रता होत नाही. आम्हाला हा निकष न्याय्य वाटतो.

प्रश्न : युद्ध संपल्यावर आईला मूल परत मिळालं की गोष्ट सुखान्त, नाही का?

उत्तर : ज्यांना मिळालं त्यांच्यापुरतं. पण तेही सोपं नव्हतं. मूल कुठे आहे हे शोधायलाच कागद हवेत, आणि कागद सापडले तर मुलं सापडतील या भीतीने नोंदी मुद्दाम तोडून ठेवलेल्या असत. बेल्जियमच्या ज्यू संरक्षण समितीने पाच वेगळ्या वह्या ठेवल्या होत्या : एकीत खरं नाव आणि संकेतक्रमांक, दुसरीत खोटं नाव, आणखी एकीत लपवलेल्या घराचा पत्ता, अशा. एकच वही हाती लागली तर तिच्यातून काहीच निष्पन्न होऊ नये. आन्द्रे ग्यूलेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी युद्धानंतर या वह्या जुळवून मुलं घरी पोहोचवली. वॉर्सॉत ज्यू मुलांना वाचवणाऱ्या इरेना सेन्डलर यांनी पातळ कागदावरच्या मुलांच्या याद्या बरणीत पुरून ठेवल्या होत्या.

आणि मग दारात उभी असलेली हडकलेली अनोळखी बाई आपली आई आहे, हे चार वर्षांच्या मुलाला पटायला हवं. ते पालक आईच्या पदरामागे लपायचं. दोन वर्षांत त्याची भाषा बदललेली असायची, ते गळ्यात क्रॉस घालून रात्री येशूची प्रार्थना करायचं. ज्या स्त्रीने त्याला जगवलं तिच्यापासून त्याला दुसऱ्यांदा तोडावं लागे, आणि हे खऱ्या आईलाच करावं लागे. आईवडील दोघंही परतले नसतील तर वाद न्यायालयात जात. नेदरलँड्सने १९४५ मध्ये अशा मुलांसाठी आयोग नेमला; ठरलेल्या मुदतीत पुढे न आलेल्या आईवडिलांच्या मुलांचं भवितव्य तो ठरवायचा, आणि त्यावरून नातेवाईक व मूल सांभाळणारी कुटुंबं यांच्यात कडवट भांडणं झाली. फ्रान्समध्ये फिनाली या दोन भावांना, ज्यांचे आईवडील मारले गेले होते, सांभाळणाऱ्या बाईने बाप्तिस्मा दिला आणि आत्याला द्यायचं नाकारलं. त्यांना लपवून स्पेनला नेण्यापर्यंत प्रकरण गेलं आणि १९५३ मध्येच मिटलं.

प्रश्न : एका लपलेल्या आईची हकिकत खरी आहे की नाही हे एखाद्या विद्यार्थ्याला तपासायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

उत्तर : नावापासून, पण एका नावापासून नाही. माहेरचं नाव, लग्नानंतरचं नाव आणि लपताना घेतलेलं नाव, तिन्ही लिहून काढा. मग गावाची सगळी नावं. ल्विव्ह हेच ल्वूव आणि लेम्बेर्ग. जन्मतारीख सापडली तरी ती खोट्या दाखल्यावरची असू शकते, हे लक्षात ठेवा.

जर्मनीतल्या बाट आरोल्सन इथल्या आरोल्सन अभिलेखागारात सुमारे १.७५ कोटी लोकांबद्दलची कागदपत्रं आहेत आणि त्यांतला मोठा भाग इंटरनेटवर फुकट शोधता येतो. इथे बहुतेक विद्यार्थी चुकतात : नाव छावणीच्या यादीत नाही म्हणून हकिकत खोटी ठरवतात. लपलेली स्त्री छावणीत गेलीच नसेल तर त्या यादीत नसणारच. तिचं नाव युद्धानंतरच्या निर्वासित शिबिरांच्या कार्डांवर किंवा वाचलेल्यांच्या नोंदणीत शोधा. तिला लपवणाऱ्यांचं नाव माहीत असेल तर याद वाशेमच्या सन्मानितांच्या यादीत पाहा. त्या फायलीत बहुधा वाचलेल्यांची लेखी साक्ष असते.

मग साक्षी ताडून पाहा. पोलंडमधल्या ज्यूंच्या केंद्रीय समितीच्या इतिहास आयोगाने युद्ध संपता संपता गोळा केलेल्या सुमारे ७,००० साक्षी वॉर्सॉच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत. अमेरिकेतल्या शोआ फाउंडेशनने १९९४ पासून ५०,००० हून अधिक चित्रित मुलाखती घेतल्या. सुरुवातीच्या साक्षींत तारखा, पत्ते, माणसांची नावं जास्त नेमकी मिळतात, कारण त्या बहुधा गुन्हेगारांना शिक्षा व्हावी म्हणून दिलेल्या होत्या. नंतरच्या मुलाखतींत भीती, भूक, आईमुलांमधले ताण यांबद्दल मोकळेपणा जास्त असतो. एकाच बाईच्या दोन साक्षींत महिना किंवा लपलेल्यांची संख्या वेगळी आली तर त्यावरून तिला खोटं ठरवू नका. काळोखात, कॅलेंडरशिवाय राहिलेल्या माणसाला महिना नेमका सांगता न येणं स्वाभाविक आहे. ठिकाण, त्या घरातली माणसं, धाडीचा दिवस आणि जर्मन सैन्य तिथून कधी हटलं या चार गोष्टी स्वतंत्र कागदांशी जुळतात का, ते आधी तपासा.